सगळा दोष डीपीचा

११ फेब्रुवारी

चिकटला! परत चिकटला! ठिणगी पडते, क्षणभर उजेड होतो, वाटतं आता जमलं — आणि रॉड पट्टीला धरून बसतो तो बसतोच. मग होल्डर हलव, ओढ, उपट. मशीन नुसती घूं घूं करते. तिकडे घरात पंखा निम्म्यावर येतो आणि आई ओरडते, "संजे, बंद कर वं ते तुयं भूत!"

खामगावच्या ट्रेनिंगमध्ये असलीच मशीन किती छान चालायची. पेटीवर ठसठशीत दोनशे अँपिअर लिहिलंय. आमच्या घरच्या लायनीवर त्यातले निम्मे निघत असतील तर शपथ. बचत गटातल्या बाकी बायकांनी शिलाई मशीन घेतली, मला वेल्डिंगची हौस. दुकानदार म्हणाला होता, "घरगुती आहे ताई, मिक्सरसारखी लावा अन् चालवा." मिक्सरसारखी! मिक्सरमधून निदान चटणी तरी निघते.

शेवटी फाट्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून आणलं. प्रसेनजित नाव त्याचं. पुण्याकडे कंपनीत होता, बायको वारल्यावर गावी परतला, आता इथेच दुकान. थ्री फेजची मोठी मशीन आहे त्याच्याकडे. तो आला, ओसरीतलं मीटर पाहिलं, तिथून पार मागच्या गोठ्यापर्यंत चालत गेला — बैल विकल्यापासून गोठा म्हणजे माझा कारखाना. मशीनचं झाकण उघडून पाहिलं. मग उभाच राहिला. मला वाटलं आता मशीन परत करा म्हणतो की काय.

म्हणाला, "डीपीच कमी पडते. तिथं तुमी तरी काय करसान? जाड काम असलं का दुकानात आनत जा, मी मारून देतो. बारीकसारीक घरी करा. अन् दोन रॉड झाले का बंद ठेवत जा, सलग नका लावू."

डीपीच! गावचा तो ट्रान्सफॉर्मर! मलाही तेच वाटत होतं. आमच्या गावात काहीही बिघडलं की डीपी. टीव्ही गेला — डीपी. नळ आले की पाणी ओढायला घरोघरी टिल्लू मोटारी लागतात, दिवे मिणमिणतात — डीपी. शेजारच्या केसरबाईची गाय आटली तेव्हा तीसुद्धा म्हणाली होती की डीपीच्या घरघरीने आटली.

आईने त्याला चहा कागदी कपात दिला. तो बौद्ध वस्तीतला, म्हणून. घरात धुतलेले कप मांडणीवर होते, त्यालाही दिसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चहा घेतला, कप खिशात घातला आणि गेला. 

१३ फेब्रुवारी

दुकानात जाऊन आले. गेटाच्या बिजागऱ्या होत्या. त्याने लगेच मारून दिल्या.

१४ फेब्रुवारी

एक कडी राहिली होती.

२२ फेब्रुवारी

आता आमची एक पद्धत बसली आहे. मी घरी माप घेते, कापते, कोपऱ्याकोपऱ्याला एकेक टाका मारते. टाक्यापुरता करंट माझी मशीन देते, तेवढं तिचं बरं आहे. मग सगळा सांगाडा सायकलला बांधून फाट्यावर. तिथे तो मोठ्या मशीनवर पक्कं शिवतो. चपलांचे रॅक, कुंड्यांचे स्टँड, कूलरचे स्टँड — आता उन्हाळा तोंडावर आहे, कूलरचे स्टँड फार जातात.

त्याची मशीन जुनी आहे, बुटकी, तेलकट. पण रॉड टेकवला की लोखंड असं वितळतं की पाहत राहावं. आवाजही वेगळा. आमच्या मशीनचा आवाज म्हणजे फोडणी जळल्यासारखा तड तड. त्याच्या मशीनचा एकसारखा, भरलेला.

तो कामात असला की बोलत नाही. काम झालं की चहा सांगतो. दोन स्टुलं आहेत, एक मोडकं. मोडक्यावर तो बसतो. (वेल्डिंगवाल्याचं स्टूल मोडकं! मी म्हटलं तर म्हणाला, "लोहाराच्या घरी सुरी नसते ना, तसं हाये.")

आणखी एक. अख्खं गाव मला ताई म्हणतं. ग्रामसेवक ताई, दुकानदार ताई, पोस्टमन ताई. हा म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. "इकडं धरा", "बसा", "आनलं काय?" — सगळं बिननावाचं. माझंही तेच झालंय. पहिल्या दिवशी मी त्याला प्रसेनजितभाऊ म्हटलं होतं. आता त्यातला भाऊ तोंडातून निघत नाही.

१ मार्च

मशीनचा पिवळा दिवा लागला की समजायचं, ती दमली. मग तिला गार होऊ द्यायचं. ट्रेनिंगच्या सरांनी सांगितलं होतं, घरगुती मशीनला राबवायचं कमी आणि विसावू द्यायचं जास्त. मी त्या वेळात गोठ्याच्या दारात बसते. डोंगर दिसतो. पळस फुलला आहे तिकडे.

देऊळगाव राजाला होते तेव्हा असा विसावा कधी मिळाला नाही. सात वर्षं नांदले. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली. रीतसर सुटका झाली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्याची आठवण येत नाही. राग येत होता, तोही गेला. मला वाटलं होतं आता या खात्यात काही जमा व्हायचं नाही. आईला सांभाळायचं, लोखंड कापायचं, झालं.

आणि आता पिवळा दिवा लागला की मी काय विचार करते? — की कोणता लोखंडी अँगल जाड आहे, कोणतं काम घरी होणार नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी! लाज वाटायला पाहिजे. वाटत नाही.

८ मार्च

महिला दिन. पंचायतीत माझा सत्कार. शाल, श्रीफळ. भाषणात मला पोलादी महिला म्हणाले. त्या पोलादाला रॉड चिकटतो हे कोणी बोललं नाही.

१९ मार्च

फजिती, फजिती!

केसरबाईला गव्हाची कोठी ठेवायला लोखंडी घोडी पाहिजे होती. कोठी मोठी, म्हणून जाड अँगल. परवा प्रसेनजित माल आणायला अकोल्याला गेलेला, दुकान बंद. सत्काराची शाल अजून डोक्यात होती, म्हटलं करू घरीच. दोन रॉड, थांब, दोन रॉड, थांब, असं करत सगळी घोडी शिवली. वरून काय सुरेख दिसत होती! सारख्या लाटा. रंग दिला, पोचवली. मनात हेच की तो आला की दाखवीन.

आज केसरबाईने नवा गहू भरला. अर्धी कोठी झाली असेल, एक पाय निखळला आणि घोडी, कोठी, गहू सगळं आडवं. केसरबाई वाचली, तिच्या कोंबड्यांची दिवाळी झाली. ओट्यावरून ओरडत आली, "संजीवनी, तुयी घोडी गाभन होती काय वं? बसली ना बाप्पा खाली!" सगळी गल्ली हसली. मी पण हसले, मग गोठ्यात जाऊन रडले.

तो आज दुपारीच अकोल्याहून परतला होता. मी तुटलेला पाय त्याच्यापुढे टाकला. तो हसला नाही. उलटा करून उन्हात धरला. "हे पाहा. वर चढलं, आत गेलंच नाई. खालचं लोखंड तापलंच नाई तं धरन कशाले? छोट्या मशीनचं असंच असते. पातळाले चालते, जाडावर नुसतं वरून शिवते. दिसते चांगलं, म्हनून जास्त वाईट."

मग म्हणाला, "या, तुमीच मारा." मोठ्या मशीनचा होल्डर माझ्या हातात दिला. जड आहे. मी काळी काच धरली, तो बाजूला त्याची काच धरून उभा राहिला. रॉड टेकवला आणि — काय सांगू! चिकटला नाही, तडतडला नाही. काचेतून हिरवट अंधारात एक लहानसं पिवळं तळं झालं, दोन्हीकडचं लोखंड त्यात उतरलं. तो नुसता म्हणत होता, "हळू... घाई नाई... लोखंडाले आत जाऊ द्या... हाव, असं." रॉड संपला तरी मी काच खाली घेतली नाही. डोळ्यांत पाणी होतं, ते त्याला दिसायला नको होतं.

त्याने हात लावला नाही. जवळही आला नाही. पण तो एक हात लांब उभा होता तेवढी माझी उजवी बाजू अजून तापलेली आहे.

लिहून टाकते. मला हा माणूस हवा आहे. दुकानात चहापुरता नको. घरी हवा आहे.

२० मार्च

कालचं लिहिलेलं वाचलं. खोडणार होते. राहू दे.

२ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. घरोघरी कूलर निघाले आणि व्होल्टेजने जीव सोडला. दुपारी बल्ब म्हणजे काजवा. गटाच्या बायका जमल्या, नव्या डीपीसाठी सगळ्यांनी मिळून संग्रामपूरला वीज कंपनीच्या ऑफिसात जायचं ठरलं. पुढे कोणी व्हायचं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुयं तं मशीनीचं काम हाये ताई, तुले जास्त तकलीप."

गेलो. साहेब म्हणाले पाहतो, करतो, प्रस्ताव पाठवतो. माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. "साहेब, आमचे लहान लेकरं गर्मीत रडून राह्यले अन् तुमी प्रस्ताव सांगता? डीपी देत नसान तं आमी सगळ्या इथंच तुमच्या कूलरम्होरं बसतो!" आणि बसलो की! साहेबांनी दुपारच्या आत वरच्यांना फोन लावला, पंधरवड्यात मंजुरीचं तोंडी कबूल केलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. जीपमधून येताना सगळ्या गाणी म्हणत होत्या.

मी पण म्हणत होते. फाट्याजवळ जीप वळली, दुकान दिसलं, तो ठिणग्यांत वाकलेला — आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला.

नवी डीपी आली की व्होल्टेज येणार. व्होल्टेज आलं की माझी मशीन चालणार. मशीन चालली की मी कशाला जाऊ फाट्यावर?

अगं बये! आपल्याच हाताने!

५ एप्रिल

त्याला सांगितलं, डीपी येणार. तो म्हणाला, "चांगलं झालं." चहा अर्धा राहिला त्याचा.

११ एप्रिल

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी वस्तीत मोठी कमान होते आहे. सांगाडा प्रसेनजित करतो. त्यावर पातळ पत्र्याचे तारे आणि पाकळ्या लावायच्या. त्याच्या मोठ्या मशीनखाली पत्रा टिकेना, भोकं पडायला लागली. मी पाहत होते. म्हटलं, "द्या इकडं. याले माही मशीन पाहिजे." पत्रा घरी आणला. बारीक रॉड, कमी करंट — आणि काय सांगू, चिकटला नाही! हलक्या कामाला तिची ताकद पुरते. एकेक पाकळी लावत गेले. अख्ख्या हंगामात तिने पहिल्यांदा माझं तोंड उजळ केलं.

आई गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहत होती. "ह्या कोनाच्या पाकया वं?"

"कमानीच्या."

"कोनत्या कमानीच्या?"

सांगितलं. आई घरात गेली. जेवताना म्हणाली, "मानूस चांगला हाये. मी नाई म्हनत नाई. पन आपल्यातला नाई, संजे. एवढं ध्यानात ठेव." मी विचारलं, "मी काय केलं?" ती म्हणाली, "मले काय दिसत नाई काय?"

मी ताट उचललं आणि राहिलेल्या पाकळ्या लावायला गेले.

१४ एप्रिल

कमान पाहायला गेले. बायकांच्या घोळक्यात उभी होते. तो पांढऱ्या कपड्यांत होता, मी त्याला कामाच्या कपड्यांशिवाय कधी पाहिलं नव्हतं. त्याने गर्दीतून वर पाकळ्यांकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. शेजारच्याला काहीतरी म्हणाला. तो शेजारचा माझ्याकडे पाहून हात जोडून म्हणाला, "जय भीम, ताई! लय झकास झाल्या."

याने मात्र आजही ताई म्हटलं नाही.

२६ एप्रिल

मी मुद्दाम जाड कामं घेते आहे. आज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं मागचं लोखंडी फाळकं घेतलं! आई म्हणते, लोक कुंड्यांचे स्टँड मागतात अन् तू हे रणगाडे काय आणतेस. काय सांगू तिला? नवी डीपी आली तरी ट्रॉलीचं फाळकं घरगुती मशीनवर होणार नाही, म्हणून.

पण गावात ट्रॉल्या तरी किती आहेत? 

३० एप्रिल

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी आल्यात, लिंबाला झोके बांधलेत. मी माहेरीच असते, मला कोण आणायला जाणार! पुरणपोळी खाल्ली. एक डबा भरून फडताळात ठेवला होता, फाट्यावर न्यायला. दुपारी आईने तो केसरबाईला देऊन टाकला.

१२ मे

डीपी आली. क्रेनवरून उतरली, करड्या रंगाची, नवीकोरी. नारळ फुटला. सरपंचांनी पेढे वाटले. साहेब मला म्हणाले, "ताई, तुमच्यामुळं बरं का!" संध्याकाळी सगळ्या घरांत लख्ख उजेड. आईचा कूलर असा सुटला की कॅलेंडर उडालं. केसरबाई नवीन डीपीला हळदीकुंकू लावायला निघाली होती, लाइनमनने हात जोडून परत पाठवली.

सगळं गाव आनंदात. मी गोठ्याकडे फिरकले नाही. मशीन लावली नाही. लावली की कळणार.

१३ मे

लावली.

चिकटला!!!

डीपी नवी, उजेड लख्ख, आणि तरी रॉड चिकटला! दुसरा लावला, तोही चिकटला. मी होल्डर टाकून गोठ्यात एकटीच हसत सुटले. तशीच, डोक्याला फडकं बांधलेलं, सायकल काढली आणि फाट्यावर. लांबूनच ओरडले, "अहो! अजून चिकटून राह्यला!"

अहो म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलं. त्याने ऐकलं. त्याचे कान लाल झाले. सावळ्या माणसाचेही होतात!

म्हटलं, "डीपी नवी आली तरी असं काऊन?" तो ग्राइंडरची चकती बदलत बसला. वर पाहिलं नाही. "घरगुती मशीन हाये. तिची लिमिट असते. आनत जा तुमी इकडंच." मग चहा सांगितला. त्या चहाला काय चव होती!

घरी येताना वाटेतल्या बाभळीसुद्धा चांगल्या दिसल्या.

१९ मे

आई आज समोर बसली. भांडली नाही, तेच वाईट. "लोक बोलून राह्यले. तुया बापाच्या मांगं तुले मी कोनाच्या जिवावर सांभाळलं? एकदा घर मोडून आली, मी कोनाले तोंड दाखवलं नाई सहा महिने. आता हे नको. नको जाऊ फाट्यावर. मी हात जोडतो तुले." आणि खरंच हात जोडले.

मी तिचे हात खाली केले. आपल्या आईने आपल्यापुढे हात जोडू नयेत. बोलले, नाही जात.

२० मे

नाही गेले.

२१ मे

नाही गेले. ट्रॉलीचं फाळकं गोठ्यात टेकून ठेवलंय. ट्रॅक्टरवाला दोनदा विचारून गेला.

२३ मे

वारा तिकडचा असला की ग्राइंडरचा आवाज इथवर येतो. भाकरी थापताना हात थांबतात. आवाज बंद झाला की वाटतं, आता चहा सांगितला असेल. दुसऱ्या स्टुलावर कोण बसलं असेल?

तो येऊ शकत नाही. त्या कागदी कपानंतर तो या दारात कशाला येईल?

आज आवाज आलाच नाही. दिवसभर कान तिकडे.

२४ मे

आला आवाज. बरं वाटलं.

२५ मे

मला कोणी विचारलं असतं की तुला नक्की काय पाहिजे, तर मी सांगितलं असतं: भर दुपारी तो जेवायला घरी यावा, हातपाय धुवावेत, ताटावर बसून म्हणावं, आज मीठ कमी आहे. एवढंच. दागिने नको, काही नको. मीठ कमी आहे म्हणणारा माणूस पाहिजे.

त्याच्या मनात काही आहे का, हेही मला माहीत नाही. असेल तर एका शब्दाने बोलला नाही. "आनत जा" म्हणतो. गिऱ्हाइकाला कोण म्हणणार नाही?

२७ मे

सगळं क्रमाने लिहिते.

नव्या व्होल्टेजने आईच्या कूलरची मोटार जळली. संग्रामपूरहून अकरमला बोलावलं. वायरिंगचं काम करतो, बोलका पोरगा, आईला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. कूलर झाला, चहा प्यायला, जाता जाता गोठ्यात डोकावला. "ये क्या, ताई, वेल्डिंग मशीन? चालते काय चांगली?"

मी म्हटलं, कुठली चालते बाबा, रॉड चिकटतो. आधी डीपी खराब होती, आता मशीनच घरगुती, तिची लिमिट आहे.

त्याने मशीन पाहिलीच नाही. मागची वायर हातात घेतली आणि वायरीमागे वायरीमागे चालत ओसरीतल्या मीटरपर्यंत गेला. परत आला तो हसत. "ताई, ही वायर कोनं लावली?"

मीच. जुन्या पंख्याची, जुन्या कूलरची, आणखी एका कशाची तरी, जोडून जोडून गोठ्यापर्यंत आणलेली. टेप चांगला लावला होता!

"अवो ताई! तुमी नई डीपी आना, नाही तं दारात पावरहाउस बांधा, ह्या वायरीतून मशीनपर्यंत करंट पोचतच नाई. सुतळीनं बैल बांधल्यासारखं हाये हे. आग लागन एखांद्या दिवशी. जाड वायर टाका, सीधी मीटरपासून. बस."

म्हटलं, ट्रेनिंगच्या सरांनी जाड केबल सांगितली होती, ती तर मशीनसोबत आली, ती काळी. तो म्हणाला, "ते पुढची, रॉडकडची. हे मागची, मीटरकडची. ते हात झाले, हे पोट."

त्याच्या पिशवीत जाड वायरचं भेंडोळं होतं. लावून दाखवलं. मी रॉड टेकवला. लागला. एका झटक्यात! सरळ, भरून, एकसारखा. ट्रॉलीचं फाळकं नाही होणार, पण साधे अँगल सहज होतील. आई दारातून पाहत होती, तिचा पंखाही हलला नाही.

मी अकरमला म्हटलं, मग इतके दिवस कोणालाच कसं नाही दिसलं? तो म्हणाला, "गावात सगळे डीपीकडंच पाहते ना, ताई. पन वेल्डिंगवाल्या मानसाले पयल्या नजरेत दिसते हे. आंधया असला तरी."

पहिल्या नजरेत.

तो आला होता. मीटरपासून गोठ्यापर्यंत त्याच वायरीच्या कडेकडेने चालत गेला होता. उभा राहिला होता, बोलला नव्हता. आणि मग म्हणाला होता, डीपीच कमी पडते.

म्हणजे माहीत होतं! इतके महिने मी उन्हातान्हात सायकल हाणते आहे, घोडी मोडून गल्लीत हसं करून घेतलं, साहेबाच्या टेबलावर हात आपटला — आणि याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! वर दरवेळी, "दोन रॉड झाले का बंद ठेवत जा." म्हणजे वायर तापते हेही माहीत होतं! लबाड! असा राग आला की भिंतीला होल्डर फेकून मारला.

गिऱ्हाईक तुटू नये म्हणून केलं असेल? पण माझ्याकडून त्याने मजुरी म्हणून कधी एक रॉडसुद्धा घेतला नाही.

मग काय म्हणून?

उद्या जाते. भांडायला जाते.

२८ मे

आईला स्पष्ट सांगितलं, फाट्यावर चालले, त्या माणसाशी भांडायचंय. ती आडवी आली नाही. भांडायला जाणाऱ्या बाईला कोण अडवतं!

दुकानाच्या मधोमध उभी राहून सगळं सुनावलं. वायर, घोडी, ऊन, आग लागली असती तर, सगळं. त्याने मशीन बंद केली. खाली पाहून ऐकून घेतलं. माझा दम संपला तेव्हा विचारलं, "पयल्याच दिवशी दिसलं होतं ना? मंग काऊन नाई सांगतलं?"

म्हणाला, "सांगतलं असतं तं तुमी परत आल्या असत्या काय?"

मी मोडक्या स्टुलावर जाऊन बसले. मग त्यानेच विचारलं, रविवारी येऊ का आईशी बोलायला.

मी म्हटलं, रविवार कशाले? उद्या या!